धम्मदीप सरांची इर्जिक

आमच्या कॉलेजात नको असलेली कामं वाटायची एक ठरलेली रीत आहे. जो सगळ्यांत शेवटी रुजू झाला, त्याच्या गळ्यात मारायची. विद्यापीठाच्या नव्या अभ्यासक्रमात कॉम्प्युटरच्या मुलांसाठी ‘संगणन आणि पर्यावरण’ असा विषय आला, तेव्हा तो धम्मदीप ओव्हाळच्या गळ्यात पडला तो असाच. खरं तर तो इथे कितीतरी वर्षं शिकवतोय. पण कंत्राटी. मे महिन्यात त्याची नोकरी संपते, जूनमध्ये नवी ऑर्डर हातात पडते, म्हणून दरवर्षी तोच शेवटचा.

विभागप्रमुखांनी स्टाफरूममध्ये त्याला समजावलंसुद्धा. “काही अवघड नाही हो सर. वितळणारा बर्फ दाखवा, त्यावरचं अस्वल दाखवा, शेवटच्या तासाला एक झाड लावा आणि फोटो काढा. मुलांना मार्क, आपल्याला पुरावा.”

सगळे हसले. धम्मदीप हसला नाही. त्याला विनोद कळत नाही असं नाही, पण शिकवण्याच्या बाबतीत तो त्याला सोसत नाही. पुढे त्याला जे भोगावं लागलं त्याचं मूळ इथेच आहे, असं माझं मत आहे.

मी या कॉलेजची ग्रंथपाल, अनघा. लोणावळ्याहून लोकलने येते. जन्म चिक्कीच्या दुकानांच्या गल्लीत गेला, तरी जीभ काही गोड झाली नाही, असं आमचे प्राचार्य म्हणतात आणि ते खरं आहे. धम्मदीप टाकवे बुद्रुकचा. कान्ह्याला गाडीत चढतो, तळेगावला आम्ही दोघं उतरतो आणि सहा आसनी रिक्षाने वराळ्याला येतो. मला तो ताई म्हणतो. यंदा त्याला कायम करायचं असं संस्थेने कबूल केलं होतं. जानेवारीत मुलाखत होती. घरी विठाबाई, त्याची आई, त्या दिवसाकडे डोळे लावून बसली होती.

ग्रंथालय आणि कॉम्प्युटर लॅब यांच्यात काचेचं पार्टिशन आहे, त्यामुळे त्याचे तास मला फुकटात ऐकायला मिळाले. पहिल्याच तासाला त्याने विचारलं, “तुमच्या हजेरीचे फोटो रोज अ‍ॅपवर चढतात. ते जातात कुठे?”

“क्लाउडवर, सर.”

“म्हणजे कुठे?”

एका शहाण्याने बोट वर केलं. वर्ग खिदळला.

“ढगात नाही रे बाबा,” धम्मदीप म्हणाला. “कुठल्या तरी गावाबाहेर एक मोठी शेड आहे. आत मशीन तापतायत. त्यांना गार ठेवायला वीज लागते, पाणी लागतं. ते गाव आपल्या टाकव्यासारखंच असणार. तिथल्या बाईच्या हंड्याचा आणि तुझ्या फोटोचा संबंध आहे. तो किती आहे, ते आपण वर्षभर शोधायचं.”

आणि खरंच शोधायला लागले. नव्याचे नऊ दिवस, असं मी मनात म्हटलं, पण तसं झालं नाही. मुलं प्लगला मीटर लावून बसू लागली. कुठलं मशीन नुसतं चालू राहिलं तरी किती वीज खातं, एकच व्हिडिओ साठ मोबाइलवर पाठवण्याऐवजी एकदाच दाखवला तर काय फरक पडतो, प्रोग्राम गचाळ लिहिला तर प्रोसेसर किती जास्त राबतो, अशी त्यांची भांडणं चालायची. भांडणारी मुलं ग्रंथालयात येऊन पुस्तकं मागू लागली, तेव्हा मला पहिल्यांदा आपण ग्रंथपाल असल्यासारखं वाटलं.

या सगळ्यांत पुढे होती प्रतीक्षा जगताप. सोलापूरकडची, अंगाने बारीक, बोलायला कमी. वराळ्यात सरूबाई नावाच्या बाईंच्या घरी दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची. रात्रभर लॅब चालूच असते हे तिने मोजून काढलं. सकाळी मशीन सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून कुणी ती बंदच करत नव्हतं. तिने ते प्राचार्यांना नेऊन दाखवलं. प्राचार्यांनी तिचं कौतुक केलं आणि प्रत्येक लॅबच्या दारावर ‘वीज वाचवा’ असा चकचकीत प्लॅस्टिकचा बोर्ड लावला. मशीन चालूच राहिली.

दिवाळीच्या आधी खरी गोष्ट सुरू झाली. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमला आता अपडेट मिळणार नव्हते आणि नवी आमच्या जुन्या मशीनवर चढत नव्हती. लॅबमधली आणि ऑफिसातली मिळून साठेक मशीन भंगारात काढायचं ठरलं. चांगली चालणारी मशीन. धम्मदीप प्राचार्यांकडे गेला. त्याचं म्हणणं साधं होतं: एका कॉम्प्युटरपायी जेवढी नासाडी होते, तिचा मोठा वाटा तो घडवतानाच होऊन गेलेला असतो. खाणी, पाणी, वीज, सगळं. मग तो चालतोय तोवर चालवणं हाच सगळ्यांत मोठा उपाय. मुलं त्यांच्यावर फुकटात मिळणारी दुसरी सिस्टीम चढवतील, आणि मशीन टाकव्याकडच्या अंदर मावळातल्या शाळांना देता येतील.

“उत्तम!” प्राचार्य म्हणाले. “करा. बॅनर मोठा लावा.”

त्या बॅनरवर धम्मदीपने एकच शब्द मोठा लिहून घेतला: इर्जिक.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. मावळात एखाद्याचं रान अडलं की सगळा गाव आपापलं औत घेऊन त्याच्या बांधावर जातो. एका दिवसात काम उरकायचं. मजुरी कुणी मागायची नाही, हिशेब कुणी ठेवायचा नाही. ज्याचं रान, त्याने सगळ्यांना पोटभर जेवायला घालायचं. जेवणाची हाक आली की औत जागच्या जागी सोडायचं. हल्ली ट्रॅक्टर आले आणि इर्जिक गेली, पण शब्द अजून गोड लागतो.

सगळ्यांनाच नाही, हे मला त्याच्या घरी कळलं. दिवाळीनंतर मी टाकव्याला जेवायला गेले होते. विठाबाईंनी तांदळाच्या भाकरी आणि सुकटीचं कालवण केलं होतं. त्याचे वडील गोरखभाऊ आयुष्यभर तळेगावच्या एका कारखान्यात होते, आता स्वतःचा छोटा टेम्पो चालवतात. बॅनरची गोष्ट ऐकून त्यांनी हातातला घास ताटात ठेवला.

“इर्जिक म्हनं. आपली कवा व्हती रं ती?” ते म्हणाले. “माजा बा दिसभर दुसऱ्याच्या औतामागं चालायचा. आन जेवनाची हाक आली की त्यानं बांधाच्या पल्याड बसायचं. सगळ्यांचं झालं की मागनं. वरनं टाकायचे पत्रावळीवर. तुला लय हौस हाय तर दुसरं नाव ठिव.”

“म्हणूनच हे नाव ठेवलंय, आबा,” धम्मदीप म्हणाला. “ही इर्जिक मी घालतोय. हिच्यात कुणी मागनं जेवणार न्हाई.”

“तू घाल. पर ती आपली न्हवं, येवडं ध्यानात असू दे.”

विठाबाई मला म्हणाल्या, “तुमी जेवा ताई. ह्या दोगांचं रोजचंच हाय.” पण त्या दिवशीचं रोजचं नव्हतं. गोरखभाऊ अर्ध्या ताटावरून उठले.

इर्जिक झाली एका रविवारी, वर्कशॉपच्या मोठ्या हॉलमध्ये. मी इतकी वर्षं त्या कॉलेजात आहे, पण मुलांना मी असं आनंदाने राबताना पाहिलेलं नाही. एका टेबलावर धूळ काढणं, दुसऱ्यावर बिघडलेला भाग बदलणं, तिसऱ्यावर डिस्क पुसणं, चौथ्यावर नवी सिस्टीम चढवणं. डिस्क पुसणं म्हणजे आधीच्या सगळ्या फायली कायमच्या काढून टाकणं. ते वेळखाऊ काम. त्या टेबलावर प्रतीक्षा होती आणि तिच्याबरोबर आकाश नावाचा एक मुलगा. पुसून झालेली मशीन ते उजवीकडे सरकवत होते, राहिलेली डावीकडे. लेबल लावूया का, असं कुणीतरी विचारलं. इर्जिकीत कसला हिशेब, असं म्हणून सगळ्यांनी त्याला उडवून लावलं.

दुपारी विठाबाई आणि टाकव्याच्या चार बायका मोठी पातेली घेऊन आल्या. इंद्रायणीचा भात, मटणाचा रस्सा, शाकाहारी मुलांसाठी वालाची आमटी. व्हरांड्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सतरंज्या अंथरल्या. धम्मदीपने हाक दिली. सगळे उठले, प्रतीक्षा आणि आकाश सोडून.

“सर, आमची मशीन मध्येच आहेत,” प्रतीक्षा म्हणाली. “आम्ही मागून जेवतो.”

धम्मदीपचा चेहरा बदललेला मी पाहिला. “मागून कुणी जेवायचं नाही,” तो म्हणाला. “आज सगळे एका पंगतीला. चला, उठा.”

“दहा मिनिटं, सर...”

“उठ म्हटलं ना!”

तो मुलांवर कधी ओरडत नाही. प्रतीक्षा दचकून उठली. पंगतीत प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे मांडीला मांडी लावून बसले. गोरखभाऊ टेम्पोपाशीच उभे होते. धम्मदीपने त्यांना हाताला धरून आणलं आणि प्राचार्यांच्या शेजारी बसवलं. जेवता जेवता त्याने मुलांना आपल्या आज्याची गोष्ट सांगितली, बांधाच्या पल्याडची. काही मुलं ऐकत होती, काही मोबाइल बघत राहिली. प्रतीक्षा मान खाली घालून जेवत होती.

जेवणानंतर जो तो दिसेल त्या टेबलावर बसला. इर्जिकीत तसंच असतं. पुसायच्या टेबलावर दुसरीच मुलं गेली. डावं कुठलं, उजवं कुठलं, कुणी विचारलं नाही. संध्याकाळी सगळी मशीन तयार झाली, बॅनरखाली फोटो निघाला, आणि गोरखभाऊंच्या टेम्पोतून पुढच्या आठवड्यात ती शाळाशाळांत पोचली.

त्यातलं एक मशीन पूर्वी ऑफिसात शिष्यवृत्तीच्या खिडकीवर होतं. ते पुसायचं राहून गेलं होतं. नवी सिस्टीम चढवणाऱ्यांनी ती सी ड्राइव्हवर चढवली. डी ड्राइव्हला कुणी हात लावला नाही. डी ड्राइव्हवर चार वर्षांतल्या शिष्यवृत्तीच्या मुलांचे कागद स्कॅन करून ठेवलेले होते: उत्पन्नाचे दाखले, आधार कार्डं, जातीचे दाखले.

ज्या गुरुजींना ते सापडलं, ते बिचारे भले गृहस्थ. त्यांनी रागाने शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, ‘दान देणाऱ्यांनी निदान मुलांची कागदपत्रं तरी काढून घ्यावीत!’ आणि पुरावा म्हणून स्क्रीनचा फोटो टाकला. फोटोत जो दाखला उघडा होता, तो प्रतीक्षाचा होता. नाव, गाव, जात, सगळं ठळक. तक्रार करायची कॉलेजकडे, केली ग्रुपवर; आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तसं झालं. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी फोटो काढला, पण तोवर तो तालुकाभर फिरून वराळ्यात पोचला होता.

आता सरूबाईंबद्दल सांगते. त्या वाईट बाई आहेत असं मला म्हणवत नाही, आणि त्याचाच मला जास्त संताप येतो. प्रतीक्षाचं आडनाव जगताप. ते कुणाचंही असू शकतं. सरूबाई ते आपल्याच जातीचं धरून चालल्या होत्या आणि प्रतीक्षाने त्यांचा गैरसमज दूर केला नव्हता. का करावा? खोली मागायला गेलेल्या मुलीने आधी दाखला दाखवावा असा कुठे नियम आहे? मला आजवर कुणी आडनाव विचारून खोली नाकारलेली नाही, त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला विचारू नका. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी सरूबाईंनी प्रतीक्षाला आग्रहाने पूजेला बसवलं होतं, हळदीकुंकू लावलं होतं, ओंजळीत फळ दिलं होतं.

दुसऱ्या गुरुवारी त्यांनी तिला हाक मारली नाही. शुक्रवारी सकाळी प्रतीक्षा पाणी घ्यायला खाली गेली, तर सरूबाई माठ उपडा करून राखेने घासत होत्या. तिच्याकडे न बघताच त्या म्हणाल्या, “तसं काय न्हाई बग पोरी. माजी भाची यायचीय शिकायला. एक जागा रिकामी करावी लागंल.”

तिघींपैकी कुणाची, ते सांगावं लागलं नाही.

कॉलेजात बातमी आली आणि प्राचार्यांची धावपळ सुरू झाली. मुलीसाठी नाही, संस्थेच्या नावासाठी. लगेच चौकशी समिती बसली. प्राचार्य, परीक्षा विभागाचे एक सर, आणि समितीत एक बाई हवी म्हणून मी.

धम्मदीप समोर बसला होता. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

“डिस्क पुसायच्या टेबलावर कोण होतं?” प्राचार्यांनी विचारलं.

“मी होतो.”

“सर, तुम्ही सगळीकडे फिरत होता. मी स्वतः पाहिलंय. विद्यार्थ्यांपैकी कोण होतं? नाव मिळालं तर विषय तिथेच संपतो. तुमची मुलाखत तोंडावर आहे. मला तुमचं नुकसान करायचं नाही.”

मी धम्मदीपकडे बघत होते. मला नाव माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. आईने वर्षानुवर्षं वाट पाहिलेली नोकरी त्या एका नावाच्या पलीकडे होती. तो म्हणाला, “टेबल माझं होतं, सर. इर्जिक माझी होती. लेबल लावू नका असं मुलं म्हणाली, तेव्हा मी हसलो. लिहून घ्या.”

मग त्याने एक विनंती केली. दोन दिवस द्या, प्रत्येक शाळेत स्वतः जाऊन एकेक डिस्क तपासतो, जी राहिली असेल ती पुसतो, मशीन शाळांकडेच राहू द्या. ज्यांनी चूक केली त्यांनी ती दुरुस्त करायला शिकणं हाही याच विषयाचा भाग आहे, असंही म्हणाला. परीक्षा विभागाच्या सरांनी घड्याळात पाहिलं.

तेवढ्यात प्रतीक्षाला आत बोलावलं. तिची बाजू ऐकून घ्यायची होती. प्राचार्य तिच्याशी अगदी बापाच्या मायेने बोलले. “बस बेटा. झालं ते फार वाईट झालं. पण तू काळजी करू नकोस. ती सगळी मशीन परत मागवून आम्ही चुरा करून टाकतोय. यापुढे तुझं कुणालाही काही कळणार नाही.”

“काय कळणार नाही, सर?”

प्राचार्य गडबडले. “म्हणजे... तुझं ते... दाखल्याचं.”

“तो मी चोरी केल्याचा दाखला आहे का?”

प्राचार्य समोरचे कागद चाळू लागले.

“टेबलावर मी होते, सर,” ती म्हणाली. “दाराबाहेर मी ऐकलं, धम्मदीप सर खोटं बोलतायत. मशीन तोडू नका. माझे कागद बाहेर पडले ही चूक आहे, तिची मला शिक्षा द्या. ज्यांचे ज्यांचे कागद त्यात आहेत त्या सगळ्यांना कॉलेजने कळवा, त्यांची माफी मागा. पण माझी खोली मशीनने घेतलेली नाही. मशीन तोडून मला ती परत मिळणार आहे का?”

मला तिथे रडू येईल असं वाटलं, म्हणून मी रागावले. बरंच काही बोलले. प्राचार्य म्हणाले, “अनघा मॅडम, तुमच्या भावना समजतात. पण रिस्क नको.”

रिस्क नको. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि त्यालाही आमच्याकडे इंग्रजी नाव. मी माझं वेगळं मत लिहून दिलं. ते फायलीला टाचलं गेलं आणि फाइल बंद झाली. मशीन परत आणून चुरा करायची, असा निर्णय झाला. विषय दुसऱ्या सरांकडे दिला. ते बर्फ आणि अस्वल शिकवतात. विद्यार्थ्यांना कळवायचं, माफी मागायची, यातलं काही झालं नाही. धम्मदीपची मुलाखत ‘पुढील सूचनेपर्यंत’ पुढे ढकलली. मे महिन्यात त्याची नोकरी नेहमीसारखी संपेल. जूनमध्ये नवी ऑर्डर मिळेल असं मला वाटत नाही, आणि त्यालाही वाटत नाही.

प्रतीक्षाला विठाबाईंनी टाकव्याला नेलं. “माज्या घरी खोली न्हाई, पर जागा हाय,” एवढंच म्हणाल्या. त्या मुलीने घरी सोलापूरला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर शिक्षण थांबवतील अशी तिला भीती वाटते.

शाळांमधून मशीन परत आणायचं काम गोरखभाऊंच्याच टेम्पोला लागलं. चुरा करणाऱ्या कंपनीचा ट्रक शनिवारी कॉलेजच्या गेटवर येऊन उभा राहिला. बापलेक दोघं टेम्पोतून मशीन उतरवत होते, ट्रकवाले वर फेकत होते. फेकण्याचा आवाज आला की धम्मदीप दरवेळी तिकडे बघायचा. मी आणि प्रतीक्षा गेटपाशी उभ्या होतो. मदतीला वर्गातली दोन-तीन मुलं आली होती. बाकीच्यांना नव्या सरांनी हजेरीसाठी बसवून ठेवलं होतं.

शेवटची खेप उतरली. गोरखभाऊंनी हात झटकले.

“सांगितलं व्हतं तुला,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मुलाला लागलेलं बघून बापाचा जसा होतो तसा तो आवाज झाला होता. “इर्जिक आपली न्हवं. आपून लोकांवानी पंगत मांडाया गेलो, आन आपल्याच लेकीचं ताट पालतं झालं.”

धम्मदीप टेम्पोच्या मागच्या फळीला टेकला. “बरोबर आहे तुमचं, आबा,” तो म्हणाला, आणि प्रतीक्षाकडे वळला. “तुम्ही दोघं थांबतो म्हणत होता. मी थांबू दिलं नाही. मला माझ्या आज्याचं दुःख मिटवायचं होतं, त्यासाठी मी तुला हुकूम देऊन उठवलं. मी त्या पंगतीचा हट्ट धरला नसता तर एकही मशीन पुसायचं राहिलं नसतं, तुझी खोली गेली नसती. चौकशीत हे मी बोललो नाही. तुला सांगायलाच हवं.”

प्रतीक्षा ट्रककडे बघत होती.

“सर,” ती म्हणाली, “मी मागून जेवते म्हणाले ते मशीनसाठी नव्हतं. मी नेहमीच मागून जेवते. कुणी शेजारी बसलं की आडनाव विचारतं, गाव विचारतं, म्हणून. त्या दिवशी तुम्ही ओरडलात आणि मी बसले. तुम्ही मला उठवलंत ते बरोबर होतं. जेवून आल्यावर पुन्हा त्या टेबलाशी जाऊन डावं-उजवं मी बघितलं नाही, ते चुकलं. या दोन्हीत गल्लत करू नका. नाहीतर सरूबाईंचं आणि तुमचं म्हणणं एकच होईल, की आम्ही पंगतीला बसलो म्हणून हे झालं.”

गोरखभाऊंनी मान खाली घातली. चाळिशीला आलेला तो माणूस रिकाम्या टेम्पोच्या फळीवर बसला आणि सगळ्यांच्या देखत रडला. प्रतीक्षा त्याच्या शेजारी जाऊन बसली. समोर ट्रकवाल्याने ताडपत्री ओढली, दोरी बांधली, आणि ट्रक हायवेच्या दिशेने निघून गेला.